‘ऑटो’ नेमकं काय करतं? ओव्हरक्लॉकिंग बोर्डांच्या बायोसची पार्श्वभूमी

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी बनवलेल्या भारीतल्या मदरबोर्डाचा बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जचा मेनू) उघडला की शेकडो सेटिंग्ज समोर येतात आणि बहुतेकांपुढे ‘ऑटो’, म्हणजे ‘बोर्डच ठरवेल’, असं लिहिलेलं असतं. गेल्या बारा-तेरा वर्षांतला खरा वाद या ‘ऑटो’चाच आहे. मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला (मूळ वेगाला) ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग निघतो तो आकडा, स्वतः वाढवणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असतं. ‘ऑटो’वाल्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवातीला बोर्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हलवावे लागत, मग ते काम बायोसच्या मेनूत आलं. इंटेलच्या 1998 च्या सेलेरॉन 300ए प्रोसेसरचा मल्टिप्लायर कुलूपबंद होता, पण बस (भागांना जोडणारी वाट; तिचा वेग हाच तेव्हाचा मूळ वेग) 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की चिप थेट 450 वर चाले. 2011 मध्ये इंटेलच्याच सँडी ब्रिज पिढीच्या प्रोसेसरांनी ही वाट जवळपास बंद केली. बेस क्लॉक इतर बसेसशी बांधला गेला आणि तो थोडाफारच हलू लागला. मग उरला मल्टिप्लायर, तोही जास्त पैसे मोजून खुल्या मल्टिप्लायरची ‘के’ चिप घेणाऱ्यांनाच.

सगळ्या बोर्डांना तोच मल्टिप्लायर मिळाल्यावर चाचण्यांत वेगळं दिसायचं कसं? 2012 च्या सुमारास त्यावर तोड निघाली. इंटेलच्या 3770के चा टर्बो (आपोआप चढणारा वेग) एका कोरवर 3.9 गिगाहर्ट्झ, चारही कोर कामात असताना 3.7. अनेक बोर्डांनी चारही कोर 3.9 वर चालवायला सुरुवात केली. काहींवर रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) लावलं की हे आपोआप सुरू होई. हे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंगच होतं आणि ते ग्राहकाला न विचारता झालं.

पुढे हाच प्रकार वीजमर्यादांपर्यंत पोचला. पीएल1 म्हणजे सतत चालणारी मर्यादा, पीएल2 म्हणजे थोड्या वेळापुरती. इंटेलच्या 13900के साठी 125 आणि 253 वॉट असे आकडे कागदावर होते, पण ‘ऑटो’त कित्येक बोर्ड 4095 वॉट भरत, म्हणजे मर्यादाच नाही. काही बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना कूलर कोणता ते विचारतात आणि पाण्याचा कूलर निवडला की मर्यादा उठते. प्रश्न कूलरचा, उत्तर मात्र विजेचं. प्रोसेसर कंपनीने, म्हणजे इंटेलने, हे वर्षानुवर्षं चालू दिलं, कारण चाचण्यांतले चढे आकडे तिच्याही सोयीचे होते. माझ्या मते दोष बोर्डवाल्यांइतकाच तिचाही आहे.

2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिप अस्थिर होऊ लागल्या, तेव्हा पहिलं बोट बोर्डांच्या सेटिंग्जकडे गेलं. घाईघाईने बोर्डांत ‘बेसलाइन’ नावाची, मर्यादा घालणारी प्रोफाइल आली. प्रोसेसर कंपनीने मात्र ती नव्हे, ‘डिफॉल्ट सेटिंग्ज’ वापरा म्हणून सांगितलं. शेवटी कारणं अनेक निघाली. बोर्डांच्या मोकळ्या मर्यादा त्यात होत्या, आणि गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागणारा, कंपनीचाच मायक्रोकोड (चिपच्या आतल्या नियंत्रण-सूचना) होता. ऑगस्टमधल्या दुरुस्तीने व्होल्टेजची मागणी 1.55 व्होल्टवर रोखली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच झिजलेली चिप मात्र या दुरुस्तीने बरी होत नाही.

ही दुरुस्ती मुख्यतः बायोस अपडेटमधूनच मिळते. अपडेटनंतर सेटिंग्ज बऱ्याचदा मूळ पदावर येतात आणि जुनी जतन केलेली प्रोफाइल नव्या आवृत्तीत चालतीलच असं नाही. त्यामुळे अपडेट झाल्यावर पीएल1 आणि पीएल2 समोरचे आकडे पुन्हा एकदा स्वतः वाचावे लागतात.