कार्बॉक्सिलिक अम्लांचे संरक्षक गट

कार्बनी संश्लेषणात रेणूच्या एका भागावर अभिक्रिया घडवताना त्याच रेणूतला कार्बॉक्सिल गट (–COOH, अम्लपणा देणारा भाग) मध्ये येऊ नये, म्हणून त्यावर तात्पुरता जोडलेला गट म्हणजे संरक्षक गट. काम झाले की तो काढून मूळ अम्ल परत मिळवतात. बहुतेक वेळा हे संरक्षण एस्टरच्या, म्हणजे अम्ल आणि अल्कोहोल जोडून होणाऱ्या संयुगाच्या रूपात असते.

मोकळे कार्बॉक्सिल दोन प्रकारे त्रास देते. त्याचा अम्लधर्मी हायड्रोजन (पीकेए, म्हणजे अम्लतेचे माप, साधारण ४ ते ५) ग्रिन्यार अभिकर्मकासारख्या (कार्बन-मॅग्नेशियम बंध असलेल्या संयुगासारख्या) तीव्र आम्लारीला आधीच खाऊन टाकतो. शिवाय लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडसारख्या क्षपणकाने (हायड्रोजन देणाऱ्या अभिकर्मकाने) या गटाचे थेट अल्कोहोल होते. एस्टर केल्यावर पहिला त्रास संपतो, दुसरा मात्र पूर्ण संपत नाही, कारण साध्या एस्टरवरही असा क्षपणक आणि ग्रिन्यार अभिकर्मक दोन्ही तुटून पडतात. अशा ठिकाणी रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी १९८३ मध्ये मांडलेला ओबीओ ऑर्थोएस्टर वापरतात. त्यात कार्बोनिलच (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) उरत नाही. एका कार्बनाला तीन ऑक्सिजन जोडलेला पिंजरा तयार होतो आणि हल्ल्याला जागा राहत नाही.

एस्टर बनवणे सहसा अवघड नसते. गट निवडताना खरा विचार करावा लागतो तो शेवटी तो काढायचा कसा, याचा.

मिथिल एस्टर सर्वांत स्वस्त. अल्कोहोल आणि खनिज अम्ल यांसह तापवण्याची एमिल फिशर व आर्थर श्पायर यांची १८९५ ची पद्धत अजून चालते. उष्णता न सोसणाऱ्या रेणूंसाठी डायझोमीथेन वापरतात. त्याचा ईथरमधला पिवळा विद्राव अम्लात थेंबथेंब सोडला की नायट्रोजनचे बुडबुडे येतात आणि पिवळा रंग विरतो. रंग टिकू लागला की अम्ल संपले, असे समजायचे. उरलेले डायझोमीथेन ॲसिटिक अम्लाने मारतात. हा वायू विषारी आणि स्फोटक आहे, म्हणून घासलेल्या सांध्यांची किंवा ओरखडे पडलेली काचेची भांडी त्यासाठी वापरत नाहीत. मिथिल काढायला लिथियम हायड्रॉक्साइडने केलेले जलीय विच्छेदन पुरते. पण शेजारच्या कार्बनावर त्रिमितीय मांडणी जपायची असेल, तर आम्लारीने ती बिघडून डाव्या-उजव्या रूपांचे मिश्रण होण्याचा धोका असतो.

आम्लारीची भीती असेल तर टर्शरी-ब्यूटिल एस्टर बरा. आयसोब्यूटिलीन आणि थोडे सल्फ्यूरिक अम्ल वापरून तो बनतो, ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्लाने निघतो. बेंझिल एस्टर पॅलॅडियम-कोळशाच्या सान्निध्यात हायड्रोजन देऊन तोडतात, मात्र रेणूत दुहेरी बंध असेल तर त्याचेही क्षपण होऊ शकते. ॲलिल गट पॅलॅडियम संयुगाने, तर २-ट्रायमिथिलसिलिल-एथिल गट फ्लुओराइड आयनाने निघतो. ट्रायक्लोरोएथिल जस्ताच्या भुकटीने निघतो. रॉबर्ट वुडवर्ड यांनी सेफॅलोस्पोरिन सीच्या संश्लेषणात तोच वापरला. यांतला एक गट काढताना बाकीचे जागेवर राहिले, तर रसायनशास्त्रज्ञ त्यांना परस्पर-स्वतंत्र मानतात.

या निवडीवर सगळे काही अवलंबून असते याचे ठळक उदाहरण पेनिसिलिनचे. त्याचे चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय अम्ल आणि आम्लारी दोन्हींपुढे मोडते. एमआयटीतले जॉन शीहन यांनी १९५७ मध्ये पेनिसिलिन व्ही बनवताना ते वलय अगदी शेवटी जोडले. ज्या कार्बॉक्सिलपासून वलय होणार होते, ते तोवर टर्शरी-ब्यूटिल एस्टर म्हणून झाकलेले होते. कोरड्या हायड्रोजन क्लोराइडने ते मोकळे केले आणि मग डायसायक्लोहेक्सिलकार्बोडायइमाइड हा जोडणी घडवणारा अभिकर्मक वापरून साध्या तापमानाला वलय मिटवले.

पेप्टाइडांच्या (ॲमिनो अम्लांच्या साखळ्यांच्या) कामात हे गट रोजचे. रॉबर्ट मेरीफिल्ड यांच्या १९६३ च्या घन-आधार पद्धतीत पहिल्या ॲमिनो अम्लाचे कार्बॉक्सिल रेझिनच्या मण्याला एस्टर बंधाने अडकवतात, म्हणजे मणी हाच संरक्षक गट होतो. ॲस्पार्टिक अम्लाला दोन कार्बॉक्सिले असल्याने तिथे जास्त जपावे लागते. ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ बनवताना चुकीच्या कार्बॉक्सिलवर जोड झाली तर गोड पदार्थाऐवजी कडू समघटक (तेच अणू, वेगळी जोडणी) मिळतो. त्याच रेणूतला फिनिलॲलनिनचा मिथिल एस्टर मात्र संरक्षणासाठी नाही. तो काढत नाहीत, कारण काढला तर गोडीच जाते.

प्रत्येक संरक्षणाने दोन पायऱ्या वाढतात. दोन्हींचे उत्पादन ९० टक्के धरले तरी हाती ८१ टक्केच उरते. म्हणून जमेल तिथे झाकणे टाळलेलेच बरे. कधी कार्बॉक्सिलेट लवण पुरते: ॲमिनो अम्लाचे सोडियम लवण सक्रिय (सहज अभिक्रिया करणाऱ्या) एस्टरशी जोडले की वेगळा गट लागत नाही. कधी प्रबळ आम्लारीची दोन मापे घालतात. पहिले कार्बॉक्सिलचा हायड्रोजन काढते, दुसरे शेजारच्या कार्बनाचा, आणि नवीन अल्किल गट त्या कार्बनावरच बसतो.