विंडोजमध्ये कोअर ‘अनलॉक’ करावे लागतात का?

‘विंडोज मुळात एकच कोअर वापरते; एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरचा आकडा वाढवा, पीसी सुसाट पळेल’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आणि एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्ज बदलायचं साधन.

तसं नाही. एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधली प्रोसेसरच्या आकड्याची टिकची चौकट मुळात रिकामी असते, आणि रिकामी म्हणजे सगळे कोअर चालू. ती सोय चाचणीसाठी, कोअर मुद्दाम कमी करून पाहण्यासाठी आहे. त्यातून मर्यादा घालता येते, वाढ होत नाही. बदलानंतर वेग वाढल्यासारखा वाटतो, कारण रीस्टार्ट झालेला असतो. साचलेले प्रोग्रॅम बंद होतात.

खात्री करणं सोपं आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू उघडा. तिथे कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स दिसतात. ८ कोअर, प्रत्येकी २ थ्रेड (कोअर एका वेळी हाताळतो ती कामं) असतील तर लॉजिकल प्रोसेसर्स १६ दिसायला हवेत.

खरा धोका अपग्रेडच्या वेळी असतो. जुन्या प्रोसेसरसाठी १६ वर टिक करून ठेवली आणि तेच विंडोज ठेवून ३२ थ्रेडचा नवा बसवला, तर निम्मी ताकद पडून राहते. इतके पैसे मोजून हे होऊ नये. आकडा कमी दिसला तर आधी ती टिक काढा.