रवाळ अंधार

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदारच्या 1965 सालच्या ‘अल्फाव्हिल’ या चित्रपटातलं शहर आपल्या दीर्घिकेतलं नाही. तिथे अल्फा 60 नावाच्या संगणकाची सत्ता आहे आणि लांब कोट घातलेला गुप्तहेर लेमी कॉशन तिथे येऊन पोचतो. पण भविष्यकाळ दाखवायला सेट उभारलेले नाहीत. काचेच्या इमारती, हॉटेलातले लांबलचक कॉरिडॉर, ट्यूबलाइट, सगळं तेव्हाचं खरंखुरं पॅरिस. तरी ते इतकं परकं का वाटतं? मला तरी वाटतं, निम्मं श्रेय फिल्मवरच्या चांदीला आहे.

छायालेखक राऊल कुतार पूर्वी इंडोचायनात लष्करी छायाचित्रकार होता. हॉलिवूडच्या जुन्या गुप्तहेरपटांत मोठाले दिवे लावून सावल्या घडवत. इथे मात्र जागेवर असेल त्याच उजेडात रात्र टिपायची होती. त्यासाठी निवडली ती इल्फर्ड कंपनीची एचपीएस फिल्म, 800 एएसएची. एएसए हे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचं माप; आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो. म्हणजे 100 एएसएच्या फिल्मला लागतो त्याच्या एक अष्टमांश उजेडावर तिचं भागतं.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाशकण पडले की स्फटिकात चांदीचे मोजके अणू मोकळे होऊन एकत्र येतात. तीन-चार अणूंचा पुंजका जमला तरी डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. आता भुरभुर पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवून बघा. चार थेंब आधी परातीत पडणार. अंधुक उजेडात मोठे स्फटिक असेच लवकर ‘जागे’ होतात, म्हणून वेगवान, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या फिल्ममध्ये ते मोठे ठेवतात. पण मोठा स्फटिक म्हणजे मोठा काळा ठिपकाही. पडद्यावर तोच ग्रेन दिसतो, रवाळ तुपासारखा.

अल्फाव्हिलच्या भिंती, चेहरे, काळोख सगळं त्यामुळे सतत किंचित सळसळत राहतं. दिव्याभोवतीचा भाग पांढराफटक आणि दोन पावलांवर मिट्ट काळं. दोष म्हणून हा रवा पुसला असता, तर ते शहर पुन्हा ओळखीचं पॅरिस झालं असतं.

शेवटाकडे संगणक कोलमडू लागतो, तेव्हा काही दृश्यं निगेटिव्हमध्येच समोर येतात. जिथे जास्त उजेड पडला, तिथे जास्त चांदी जमलेली असते. दिवे काळे पडतात आणि रात्र पांढरी होते.