ओई-झुकी की ग्याकु-झुकी? आधी पुढचा पाय बघा

कराटेच्या बेल्ट परीक्षेत सर 'ग्याकु-झुकी' हा ठोसा मारायला सांगतात आणि ओळीतली निम्मी पोरं डावा हात मारतात, निम्मी उजवा, एखादं तर मागेच सरकतं. ग्याकु म्हणजे उलट, एवढं पाठ असतं. कशाच्या उलट, हे नसतं.

ही नावं डाव्या-उजव्या हाताची नाहीतच. पुढे कोणता पाय आहे आणि पंच कोणत्या हाताचा, यावरून ती ठरतात. उजवा पाय पुढे टाकून उजव्याच हाताने मारला, तर ओई-झुकी. उजवा पाय पुढे आणि हात डावा, तर ग्याकु-झुकी. मग हा ग्याकु जागेवर मारा, पाऊल टाकून मारा किंवा मागे येऊन मारा.

उच्चाराचंही पाहून घ्या. ठोशाला मूळ शब्द त्सुकी, त्यातला 'त्सु' आपल्या 'चुलत'मधल्या चुसारखा. जोडशब्दात त्याचा झुकी होतो, 'झुरळ'मधल्या झुच्या जवळचा. मराठी जिभेला दोन्ही आयते येतात, तेव्हा 'जेवण'मधला ज लावून 'जुकी' म्हणायचं कारण नाही.

ओई हा शब्द पाठलाग करणे या अर्थाचा, म्हणून यात अख्खं पाऊल पडतं. झेनकुत्सु-दाची या उभं राहायच्या स्टान्समध्ये पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, साधारण 60 टक्के वजन पुढे. मागचं पाऊल जमिनीला घासत, दुसऱ्या पायाजवळून आत वळसा घेऊन पुढे जातं. शिवाजी पार्कच्या मातीत अनवाणी करून बघा, चंद्रकोरीसारखी रेघ उमटली पाहिजे. पाऊल रुतायला आणि मूठ पोचायला एकच क्षण. पाय आधी टेकला आणि हात मागाहून आला, की अंगाचा वेग जमिनीत जिरतो आणि उरतो नुसता खांद्याचा धक्का. चालताना डोकं वर-खाली झालं, तर गुडघे सरळ होतायत असं समजा.

ग्याकुची ताकद कमरेत. सुरुवातीला अंग सुमारे 45 अंश तिरकं (हानमी), शेवटी समोर (शोमेन). मागची टाच दाबायची, कंबर वळवायची, तिच्यामागून हात सोडायचा. दुसरा हात तेवढ्याच झटक्याने कमरेवर परत, तो हिकिते. कंबर वळत नसेल तर आधी पाय तपासा. दोरीवर चालल्यासारखी पावलं एका रेषेत आली की कंबर अडते आणि पोरं खांदा पुढे काढून भरपाई करतात. पावलांमध्ये खांद्यांइतकं आडवं अंतर हवं. पावसाळ्यात ओलसर लादीवर मागची टाच सुटते, तेव्हा स्टान्स थोडा आखूड ठेवलेला बरा.

घोळाचं मूळ बऱ्याच अंशी शिकण्याच्या क्रमात आहे. शोतोकान या कराटे-शैलीच्या हेइआन शोदान या कातामध्ये (ठरलेल्या हालचालींची मालिका) 21 हालचालींपैकी 7 ओई-झुकी आहेत, ग्याकु एकही नाही. तो हेइआन निदान या पुढच्या कातामध्ये, माए-गेरीच्या (समोर मारायच्या लाथेच्या) पाठोपाठ भेटतो. तोवर हात-पाय एकाच बाजूचे ही सवय हाडात मुरलेली असते, आणि लाथ मारून पाय खाली आला की त्याच बाजूचा हात आपोआप सुटतो.

आता तिसरा भिडू. पाऊल न टाकता पुढच्याच हाताने मारला, तर बाजू ओईचीच दिसते, पण तो किझामी-झुकी. आणि वाडो-र्यू या दुसऱ्या शैलीच्या क्लासमध्ये गेलात, तर तिथे ओईला जुन-झुकी म्हणतात.