मेडिकलची पसंती यादी : किती कॉलेजं भरायची, कोणती भरायची

नीटचा निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती कॉलेजात फॉर्म टाकाचा, भाऊ?' कॉलेजात फॉर्म टाकायचाच नसतो. एमबीबीएससाठी कोणत्याही कॉलेजचा वेगळा अर्ज नाही. कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालून काही होत नाही, आणि 'साहेबाशी बोलून जागा धरून ठेवतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. नोंदणी दोन ठिकाणी होते आणि दोन्हीकडे एकेक पसंती यादी भरावी लागते. सगळा खेळ त्या यादीचा असतो.

पहिली नोंदणी राज्याच्या सीईटी कक्षाकडे, म्हणजे राज्याचे प्रवेश करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांच्या जागा इथून भरतात. एकाच नोंदणीत गट असतात : एमबीबीएस-बीडीएस, मग बीएएमएस-बीएचएमएस वगैरे, मग फिजिओथेरपीसारखे अभ्यासक्रम. पसंती मात्र गटागटाने वेगळी भरायची. दुसरी नोंदणी दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे. देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या उरलेल्या १५ टक्के जागा, सगळी एम्स आणि सगळी अभिमत विद्यापीठं (स्वतः विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) तिच्याकडे आहेत.

आपल्या विदर्भात इथेच गोंधळ होतो. नागपूरचं एम्स मिहानमध्ये आहे, पण त्यात महाराष्ट्राचा कोटा नाही. वर्ध्याजवळ सावंगीचं मेडिकल कॉलेज आहे, पण ते अभिमत विद्यापीठाचं, म्हणून राज्याच्या यादीत ते शोधून सापडणार नाही. ही दोन्ही हवी असतील तर एमसीसीची नोंदणी लागतेच. एमसीसीची सरकारी जागांची नोंदणी खुल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटाला १ हजार रुपयांत होते, एससी, एसटी, ओबीसीला ५०० रुपयांत. त्यावर अनुक्रमे १० हजार आणि ५ हजार रुपये अनामत, जी परत मिळते. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र नोंदणी ५ हजारांची आणि अनामत २ लाखांची. ज्या घरात वर्षाला वीस लाखांच्या वर फी भरणं शक्यच नाही, त्यांनी 'बघू, लागलं तर' म्हणून या दोन लाखांच्या वाटेला जाऊ नये.

पात्रतेचं बोलू. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के. नीटमध्ये खुल्या गटाला ५० वा पर्सेंटाइल, राखीवला ४० वा. एवढं बहुतेकांचं असतं.

अडतं ते राज्याच्या कोट्यात. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. सरकारी नोकरदार आणि सैनिकांच्या मुलांना काही सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. दहावीनंतर मुलगा क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला गेला आणि बारावीचं नाव तिथल्याच कॉलेजात घातलं, तर गावाकडं सात पिढ्यांची शेती असूनही तो ८५ टक्क्यांच्या बाहेर जातो. क्लास कुठंही लावा, बारावीचा फॉर्म महाराष्ट्रातून भरा. आमगाव, देवरी, वरुड, राजुरा अशा सीमेवरच्या तालुक्यांत तर दहावीलाच हे तपासा, कारण तिथं जवळची शाळा कधी कधी दुसऱ्या राज्यात असते.

आणखी एक जुनी समजूत. 'विदर्भाचा कोटा आहे ना आपला?' होता. ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकी राज्याला, हा सत्तर-तीसचा नियम २०२० मध्ये रद्द झाला. आता लातूरचा मुलगा यवतमाळ घेऊ शकतो आणि अर्जुनी मोरगावची मुलगी लातूर. म्हणून २०२० च्या आधीचे कटऑफ कोणी व्हॉट्सॲपवर पाठवले तर ते पाहण्यात वेळ घालवू नका.

कागदांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र हे सगळं आठवड्यात जमतं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सेतू केंद्रातून मिळतो, पण निकालानंतर तिथं रांग लागते, म्हणून तो बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवावा. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे राखीव गटातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा असतो. त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, हे सही-शिक्क्याच्या खालची ओळ वाचून पाहा. मुदत संपलेला कागद अपलोड झालेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरा वेळ खाते ती जात वैधता. राखीव जागा हवी असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करायचा. पुरावा जुना हवा : एससी, एसटीसाठी १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आधीचा, ओबीसींसाठी १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नसतील गेले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. त्या जाड रजिस्टरात आजोबांचं नाव 'तुळशा वल्द गोमा' आणि मुलाच्या दाखल्यावर 'तुळशीराम गोमाजी' असं हमखास निघतं. मग दोघं एकच, हे वंशावळीनं आणि शपथपत्रानं दाखवावं लागतं. घरात काका-आत्याची वैधता निघालेली असेल तर अर्धं काम झालं म्हणायचं. वैधता वेळेत आली नाही तर त्या मुलाचा विचार खुल्या गटात होतो, आणि सगळी पसंती यादीच बदलते. मुदतवाढ दरवर्षी मिळेलच या भरवशावर राहू नये.

एमसीसीला ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतला ओबीसी, आणि नॉन-क्रिमिलेअरही केंद्राच्या नमुन्यातलं. कुणबी, तेली, माळी केंद्राच्या यादीत आहेत. मराठा समाजाचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आरक्षण मात्र राज्यापुरतंच, तिकडे ते चालत नाही.

आता यादी. 'सारेच भरून टाक ना, काय जाते?' असं बाप म्हणतो, आणि सायबर कॅफेवाला उरकायच्या घाईत वरून खाली भरत जातो. दुसऱ्या टोकाला, 'आपल्याला नागपूर काही लागत नाही' म्हणून यवतमाळपासून यादी सुरू करणारे. दोघांचंही चुकतं, आणि कारण एकच : जागावाटप कसं चालतं ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

संगणक गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून वाचतो. जिथे त्याच्या गटात बसणारी जागा शिल्लक असेल ती त्याला देतो आणि दुसऱ्याकडे वळतो. तुमचा नंबर आला की तुमची यादीही तशीच वाचली जाते. नागपूर जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज) पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि ते भरलेलं निघालं, तर संगणक नुसता खाली सरकतो. नागपूर वर लिहिल्यामुळे यवतमाळची तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट यवतमाळ वर आणि नागपूर खाली लिहिलं, आणि यवतमाळ मिळालं, तर त्या फेरीत नागपूरची ओळ कोणी वाचतच नाही. म्हणून क्रम लावायचा तो फक्त मनापासून हवं त्याप्रमाणे. कटऑफप्रमाणे क्रम लावू नका.

कटऑफचा उपयोग वेगळा आहे : यादी कुठवर खाली न्यायची ते ठरवायला. आणि त्यासाठी गुण पाहू नका, ऑल इंडिया रँक पाहा. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. गुणांची तुलना कशी करणार? सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर करतो. मागच्या दोन वर्षांच्या शेवटच्या फेरीत तुमच्या गटाची शेवटची रँक प्रत्येक कॉलेजला कितीवर थांबली, ते वहीत उतरवून घ्या. तुमच्या रँकच्या खूप वरची कॉलेजं, आसपासची आणि नक्की मिळतील अशी, तिन्ही यादीत हवीत. तिसऱ्या प्रकारची जितकी जास्त तितकी रात्री झोप लागते.

मग मर्यादा कशाची? दोन गोष्टींची. तिथं खरंच जाल का, आणि तिथली फी खरंच भराल का. यादीत लिहिलेलं प्रत्येक नाव म्हणजे 'मिळालं तर घेतो' असा शब्द दिलेला असतो.

फीचं आधी. सरकारी कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, एम्समध्ये काही हजार. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कित्येक लाखांत असते. तिथल्या १५ टक्के संस्था कोट्यात, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याच्या जागांवर, तर तिची कैक पट. पण खासगी कॉलेज लगेच खोडू नका. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून, जागा मिळाली तर २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्था कोटा आणि अभिमत विद्यापीठ त्यात नाही. खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी फी मिळते. म्हणजे समजा, आर्णीकडची ओबीसी शेतकऱ्याची मुलगी. तिला अमरावतीचं पंजाबराव देशमुख किंवा हिंगण्याचं एनकेपी साळवे यादीत घालायला हरकत नाही. तिच्याच रँकच्या भावाला ते घालण्याआधी बँकेत जाऊन यावं लागेल. हॉस्टेल, मेस आणि महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे उशिरा येण्याची सोय मात्र दोघांनाही करावी लागते.

कोणतं कॉलेज वर? माझं मत, जुनं आणि गर्दीचं. नागपूर जीएमसी १९४७ चं, तिथे २५० जागा आणि अर्ध्या मध्य भारताचे पेशंट. मेयो (नागपूरचं दुसरं सरकारी कॉलेज), यवतमाळ, अकोला इथंही वॉर्डात हात बसतो. चंद्रपूर आणि गोंदिया दहाएक वर्षांची झाली. गडचिरोली, भंडारा, वाशिम, बुलढाणा आणि अमरावतीची सरकारी कॉलेजं २०२४-२५ पासूनची, प्रत्येकी १०० जागांची. तिथं अजून बांधकामं, बदल्या आणि रिकामी पदं यांच्यात मुलं शिकताहेत. पण डिग्री तीच, फी तीच, आणि सरकारी जागा सोडून खासगीचं कर्ज काढण्यापेक्षा वाशिम केव्हाही बरं. सेवाग्रामला १९६९ पासूनची शिस्त आहे : खादी घालावी लागते, राहणं-वागणं आश्रमाच्या रीतीचं. ज्याला ते जमतं त्याला तिथले पेशंट आणि मास्तर दोन्ही चांगले मिळतात. ज्याला जमणार नाही त्यानं नुसत्या नावाला भुलून वर लिहू नये.

अंतरही मोजा, पण नकाशावर मोजू नका. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. एटापल्लीच्या पोराला सिंधुदुर्ग लागलं तर दिवाळीची सुट्टी येण्याजाण्यातच जाते. गोंदियाचं बरं, महाराष्ट्र एक्स्प्रेस बसली की थेट कोल्हापूर. तरीही मी कोकण-खान्देश यादीतून काढायला सांगत नाही, शेवटी ठेवायला सांगतो. साडेचार वर्षांचा प्रवास सोसतो. वर्षभर पुन्हा नीटची तयारी करणं सगळ्यांना सोसत नाही.

सरकारी जागेबरोबर एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र येतं. गावाकडच्या मुलांना त्याची भीती वाटायचं कारण नाही, कित्येकांना ती पहिली नोकरीच होते.

यादी भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला आणि ऐन मुदतीला तो लग्नाला गेला की ओटीपी त्याच्याबरोबर वरातीत. आधी वहीत यादी लिहा, कॉलेजचे कोड समोर मांडा, मग स्क्रीनवर भरा आणि प्रिंट वहीशी ओळ न ओळ ताडून पाहा. मुंबईला आणि नागपूरला एकापेक्षा जास्त सरकारी कॉलेजं आहेत, कोड चुकणं सोपं असतं.

जागा लागल्यानंतर दोन निर्णय असतात. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली जागा न घेता सोडता येते, पैसे बुडत नाहीत. दुसऱ्या फेरीपासून अनामत जाते. एकीकडे प्रवेश पक्का झाला की दुसरीकडे चालत नाही, दोन्हीकडच्या याद्या एकमेकांना जातात. राज्याच्या फेरीत प्रवेश घेतल्यावर 'स्टेटस रिटेन्शन' अर्ज विचारतात. तो भरला की मिळालेली जागा कायम आणि पुढच्या फेऱ्या बंद. नाही भरला आणि पुढच्या फेरीत दुसरी जागा लागली, तर पहिली आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत हातातल्या कॉलेजपेक्षा खरोखर बरी वाटणारीच नावं ठेवा, मग ती तीनच का असेनात. अकोला हातात असताना सवयीनं जुनीच लांबलचक यादी पुन्हा भरली, तर त्यातलं अलिबाग गळ्यात पडू शकतं.

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि लवकर परत मिळत नाहीत. बँकेला, महाडीबीटीला आणि हॉस्टेलला त्याच कागदांच्या प्रती लागतात, त्यामुळं निघण्याआधी प्रत्येकाचा एक स्वच्छ स्कॅन आणि झेरॉक्सचे चार-पाच संच घरी काढून ठेवा.