राखेचे सिमेंट भेसळीचे नसते

एका नातेवाइकांच्या घराचे बांधकाम पाहायला गेलो असता, गवंडी गोणीवरील ‘पीपीसी’ (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) ही अक्षरे दाखवून त्यांना सांगत होता, “साहेब, यात राख असते, स्लॅबला हे चालणार नाही.” पर्यावरणपूरक घर बांधू पाहणारी मंडळी बांबूची आणि मातीच्या विटांची चौकशी हौसेने करतात, पण सिमेंटची निवड मात्र अशा ऐकीव समजुतीवर सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सिमेंटचे क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट बनते ते भाजलेले खडे, बनवताना चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. इंधनाचा धूर तर होतोच; शिवाय १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भट्टीचे इंधन बदलले तरी तो टळत नाही. म्हणून क्लिंकरचे प्रमाण घटवणे महत्त्वाचे ठरते. भारतीय मानकानुसार पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातील राख, असते.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की दोन पदार्थ तयार होतात. कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा खरा बांधून ठेवणारा पदार्थ, तर दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, जो बळकटीत फारशी भर घालत नाही. गळक्या स्लॅबच्या तड्यातून खाली लोंबणारे पांढरे सुळके आपण पाहिलेले असतात; तो हाच चुना, पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट झालेला.

राख नेमकी या चुन्याला कामाला लावते. कोळशातील मातीचे कण बॉयलरमध्ये वितळतात आणि धुराबरोबर जाताना झटकन थंड झाल्यामुळे त्यांचे काचेसारखे सूक्ष्म गोळे बनतात. सिलिका वाळूतही असते, परंतु तिथे अणू क्वार्ट्झच्या नियमित जाळीत घट्ट बसलेले असतात. राखेच्या काचेत ती रचना विस्कटलेली असते. काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२ च्या वर असल्याने त्यातील हायड्रॉक्साइड आयन या काचेतील सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडतात, सुटलेली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच तयार होते. ते छिद्रांतच साचत गेल्याने काँक्रीटमधून पाणी आणि क्षार सहज शिरत नाहीत. कोकण किनाऱ्यावर सळया गंजण्याची भीती असते, तिथे याचे मोल मोठे आहे. जुन्या बांधकामांत चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळत असत, त्यामागेही हीच अभिक्रिया होती.

 

कोळशाचा वापर घटेल तशी राखही कमी होईल. त्यासाठी भाजलेली केओलिनयुक्त माती आणि न भाजलेली चुनखडी वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट विकसित झाले असून, २०२३ मध्ये त्याचे भारतीय मानकही आले आहे.

गवंड्याच्या आक्षेपात तथ्याचा एक अंश मात्र आहे. राखेची अभिक्रिया सावकाश चालते, त्यामुळे पीपीसीला सुरुवातीच्या दिवसांत बळ कमी असते. त्यावर किमान १० दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस, पाणी मारत राहावे लागते आणि सेंट्रिंग काढण्याची घाई करून चालत नाही.