एम्बेडेड ओएसमधलं टायमर क्लॉक कॉन्फिगरेशन

चिपमधल्या टायमरला किती वेगाचा क्लॉक (ठरावीक गतीने येणारे पल्स) पोचणार हे ठरवायचं आणि तोच आकडा ऑपरेटिंग सिस्टीमलाही बरोबर सांगायचा, या दोन्ही मिळून टायमर क्लॉक कॉन्फिगरेशन होतं. यातलं दुसरं काम लोक विसरतात आणि बहुतेक भानगडी तिथेच होतात. टायमर नुसते पल्स मोजतो, एक पल्स म्हणजे किती वेळ हे सॉफ्टवेअरने धरून चाललेलं असतं, ते चुकलं तरी कंपायलर काही बोलत नाही, बोर्ड बूट होतो, एलईडी ब्लिंक होतो, फक्त सेकंद खरा सेकंद नसतो.

पुण्यात कॉलेजच्या लॅबपासून सीडॅकच्या एम्बेडेड डिप्लोमापर्यंत आणि पुढे हिंजवडी, चिंचवड, चाकणला गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) काम करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनाच हे लागतं. उदाहरण एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ४०७ (थोडक्यात एफ४) या मायक्रोकंट्रोलर चिपचं घेऊ. हा १६८ मेगाहर्ट्झवर चालतो, पण त्याच्या एपीबी१ बसला (टायमरसारखे आतले भाग जोडणाऱ्या वाटेला) जास्तीत जास्त ४२ चालतात म्हणून तिथे ४ ने भागतात. टायमर २ याच बसवर आहे, तर त्यालाही ४२ च मिळत असणार असं कुणालाही वाटेल, पण मिळतात ८४, कारण बसचा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) १ सोडून काहीही असला की हार्डवेअर टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक देतं. रेफरन्स मॅन्युअलमधल्या क्लॉक ट्रीच्या आकृतीत हे एका छोट्या चौकटीत दिलंय आणि टायमर डबल स्पीडने पळायला लागला की आधी तीच चौकट बघावी.

टायमरमधला पुढचा भागाकार रजिस्टरमध्ये लिहिलेल्या आकड्यात १ मिळवून होतो. म्हणजे ८४ वरून १ मेगाहर्ट्झ हवा तर प्रीस्केलरमध्ये ८३ लिहायचे आणि १ मिलिसेकंदाच्या टिकसाठी (ओएस वेळ मोजते त्या ठोक्यासाठी) ऑटो रीलोडमध्ये, म्हणजे टायमर कितीपर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो त्या रजिस्टरमध्ये, ९९९. तिथे १००० लिहिले तर टिक १००१ मायक्रोसेकंदांची होते, दिवसाला साधारण ८६ सेकंद मागे, आणि टेबलावर पाच मिनिटं बघून हे कळतच नाही. शिवाय नवा प्रीस्केलर अपडेट इव्हेंट (टायमरची फेरी संपल्याची खूण) आल्यावरच लागू होतो, त्यामुळे यूजी बिट सेट करून तो इव्हेंट आपणच द्यायचा, त्याने उठलेला फ्लॅग क्लिअर करायचा आणि मगच इंटरप्ट चालू करायचा, नाहीतर चालू केल्याकेल्या एक फुकटचा इंटरप्ट येतो.

सगळ्यात फसवा प्रकार क्रिस्टलचा, म्हणजे मूळ क्लॉक देणाऱ्या बोर्डावरच्या सुट्या भागाचा. एफ४ डिस्कव्हरीवर ८ मेगाहर्ट्झचा असतो, ब्लॅक पिल बोर्डावर २५ चा, आणि एसटीच्या एफ४ लायब्ररीत डिफॉल्ट २५ धरलेले असतात. पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट) ८ प्रमाणे बरोबर सेट केला आणि लायब्ररीतली ही २५ ची व्हॅल्यू मात्र तशीच राहिली तर सिस्टीमला वाटतं आपण ५२५ मेगाहर्ट्झवर आहोत, मग १ मिलिसेकंदाची टिक प्रत्यक्षात ३.१२५ ची होते आणि यूएआरटीवर (सिरीयल पोर्टवर) कचरा येतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून बोर्ड आणला की आधी क्रिस्टलच्या पत्र्यावर छापलेला आकडा वाचावा, कुणाचा कोड कॉपी करायचा तो नंतर. क्रिस्टल न वापरता आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर भागवता येतं, पण तो २५ अंशांनाच १ टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला १४ मिनिटं, आणि तापमान बदललं की आणखी सरकतो. बॉनेटखाली बसणाऱ्या, कॅन बसवर (गाडीतल्या नेटवर्कवर) बोलणाऱ्या ईसीयूत हे चालणारच नाही.

लो पॉवर करताना आणखी एक खड्डा आहे. स्टॉप मोडमधून (चिपच्या गाढ झोपेतून) उठल्यावर एफ४ त्या आरसी ऑसिलेटरवरच सुरू होतो, पीएलएल पुन्हा आपणच लावायचा, आणि झोपेत सिसटिक (ओएसला टिक देणारा टायमर) थांबलेला असतो म्हणून गेलेला वेळ आरटीसीकडून (चिपमधल्या घड्याळाकडून) घेऊन कर्नलच्या टिकमध्ये मिळवायचा.

या सगळ्याची खात्री डीबगरमध्ये व्हेरिएबल बघून होत नाही, कारण ते व्हेरिएबलच त्या धरून चाललेल्या आकड्यावरून काढलेलं असतं. एमसीओ पिनवर क्लॉक बाहेर काढावा किंवा टिकच्या इंटरप्टमध्ये एक पिन टॉगल करून सीआरओ (ऑसिलोस्कोप) लावावा. १ मिलिसेकंदाच्या टिकला तिथे ५०० हर्ट्झ दिसायला हवेत, १००० नाही, कारण एक पूर्ण सायकल व्हायला दोन टॉगल लागतात.